फायद्यात पडलेला नकार

तत्त्वाने वागायचं तर किंमत मोजावी लागते, असं आपण लहानपणापासून ऐकतो. मग ज्याने जास्त सोसलं त्याचं तत्त्व जास्त खरं, असा हिशेब मनात पक्का बसतो. डेव्हिड कर्क या हिशेबात बसत नाही.

कर्क न्यूझीलंडचा रग्बीपटू, शिक्षणाने डॉक्टर. जागा स्क्रमहाफची: एकमेकांना भिडलेल्या धिप्पाड गड्यांच्या पायांतून चेंडू काढायचा आणि मागच्या फळीकडे द्यायचा. आपले आठ गडी भक्कम उभे असतील तरच हे जमतं.

१९८५ मध्ये वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेचा दौरा न्यायालयाच्या मनाई हुकुमामुळे रद्द झाला. पुढच्या वर्षी त्याच संघातल्या ३० पैकी २८ जण ‘कॅव्हेलिअर्स’ नावाने, परवानगी नसताना, तिकडे खेळायला गेले. कर्क आणि जॉन कर्वन गेले नाहीत. १९७४ मध्ये भारताने याच कारणासाठी डेव्हिस चषकाची अंतिम लढत सोडली होती, पण तो देशाचा निर्णय होता. इथे प्रत्येकाला आपापला घ्यायचा होता.

पुढे नशीब फिरलं. परतलेल्यांवर दोन कसोटींची बंदी आली आणि फ्रान्सविरुद्ध नवख्या संघाचं नेतृत्व कर्ककडे आलं. तो सामना ते १८-९ असा जिंकले. परतलेल्या काहींच्या मनात मात्र कर्कविषयी अढी राहिली. १९८७ च्या पहिल्या विश्वचषकासाठी कर्णधार नेमला गेला तो अँडी डाल्टन, कॅव्हेलिअर्सचाही कर्णधार. पण तो जायबंदी झाला आणि कर्क पुन्हा पुढे आला. अंतिम सामन्यात फ्रान्सवर २९-९ अशी मात. न्यूझीलंडचे ट्राय तीन; त्यांतला एक कर्कचा, एक कर्वनचा.

‘बघा, देव आहे!’ असं म्हणायचा मोह होतो. पण डाल्टनचा स्नायू धड राहिला असता तर? तर १९८६ चा नकार कमी प्रतीचा ठरला असता का? बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी १९७६ मध्ये हाच प्रश्न मांडला होता: आपल्या हातात नसलेल्या गोष्टींवरून माणसाच्या कृतीची नैतिक किंमत ठरावी का? मला वाटतं, नकाराची किंमत तो दिला त्या दिवशीच ठरते. नंतरचं नुकसान ती वाढवत नाही, नंतरचा फायदा ती घटवत नाही.

चषक हाती आला तेव्हा कर्कने डाल्टनला बोलावून घेतलं आणि दोघांनी तो उंचावला. ‘मीच बरोबर होतो’ हे मिरवायला त्याहून मोठी जागा नव्हती. त्याच वर्षी, अवघ्या सव्विसाव्या वर्षी, तो ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकायला निघून गेला.

परदेशात आपल्याला ‘नाही’ म्हणणं जड जातं. व्हिसा नोकरीला बांधलेला असतो, घर त्या व्हिसाला. अशा वेळी पुढे काय होईल, याची आपण आधी खात्री मागतो. १९८६ मध्ये कर्ककडेही ती नव्हती.