घसरण्याची विद्या

बुलढाणा जिल्ह्यात पहिला जोराचा पाऊस झाला की डांबरी रस्त्यांवर गाड्या स्लिप होऊ लागतात. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती रस्त्यावर येते, वरून पाणी पडते आणि डांबराचा साबण होतो. अशा जागी गाडीची मागची बाजू सुटली की बहुतेक चालक कचकन ब्रेक दाबतात. नेमके तेच करायचे नसते. पाय ब्रेकवरून काढायचा आणि मागचा भाग ज्या बाजूला चालला, त्याच बाजूला स्टीअरिंग फिरवायचे, हा त्यावरचा उपाय. सांगायला सोपा आहे, पण हाताला तो सवयीशिवाय सुचत नाही.

ड्रिफ्टिंगमध्ये हाच क्षण मुद्दाम ओढवून घ्यायचा असतो आणि संपू द्यायचा नसतो. मागच्या चाकांची पकड सोडवायची, पुढची चाके उलट्या दिशेला धरायची आणि अ‍ॅक्सिलरेटर असा सांभाळायचा की गाडी सरळही होऊ नये आणि गर्रकन फिरूही नये. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात योहान श्वार्ट्झ याने बीएमडब्ल्यू एम५ गाडी आठ तास अशीच आडवी चालवून विक्रम केला. अंतर भरले ३७४.१७ किलोमीटर, म्हणजे बुलढाण्याहून नागपूर गाठावे जवळजवळ तेवढे, तेही एकाच वर्तुळात. इंधन संपत आले की दुसरी गाडी तशीच आडवी होऊन शेजारी येई आणि तिच्यातून बाहेर झुकलेला माणूस चालत्या गाडीत इंधन भरी. टायर टिकावेत म्हणून मैदान सतत ओले ठेवले होते.

यातून मिळाले काय? गाडी जिथून निघाली तिथेच थांबली, वर इंधन जळाले ते वेगळे. कंपनीची जाहिरात झाली, हेही खरेच. पण अशा प्रकाराची किंमत ठरवताना मी एकच प्रश्न विचारतो: विक्रम वजा केला तर मागे काय उरते?

हाच प्रश्न आपल्या राष्ट्रीय महामार्ग ५३ ला लावून पाहू. मलकापूर, नांदुरा, खामगावहून जाणारा हा रस्ता पुढे अकोला-अमरावतीकडे जातो. त्या अकोला-अमरावती टप्प्यात जून २०२२ मध्ये एका लेनचे ७५ किलोमीटर डांबरीकरण सलग १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि गिनीज बुकात नोंदले गेले. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा, सुमारे २५ किलोमीटरचा होता. वर्षानुवर्षे रखडलेल्या चौपदरीकरणाच्या कामात घड्याळ लावून विक्रम करावा, याचे हसू येते. तरी विक्रम वजा केला तर रस्ता उरतोच, आणि त्यावरून एसटी धावते.

श्वार्ट्झच्या बाबतीतही काही उरते. तो तेव्हा कंपनीच्या ड्रायव्हिंग स्कूलमधला शिक्षक होता. ते ओले मैदान शिकणाऱ्यांसाठी वापरले जाते. घसरती गाडी आठ तास धरून ठेवणारा माणूस ती दोन सेकंद कशी सावरायची, हे दुसऱ्याला शिकवू शकतो. आपल्याला गरज त्या दोन सेकंदांचीच आहे.

आता आपल्याकडची पोरे नव्या कोऱ्या रस्त्यावर हँडब्रेक ओढून गाडी गोल फिरवतात आणि त्याचा रील टाकतात. (आपल्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात, त्यांची ही गिरकी खरा ड्रिफ्टसुद्धा नव्हे.) रील वजा केला की उरतात टायरचे काळे डाग, आणि मागून येणाऱ्या अनोळखी माणसाच्या जिवाला लावलेला घोर. समृद्धी महामार्गावर, मेहकर-सिंदखेड राजाच्या पट्ट्यात, तो अनोळखी माणूस ताशी १२० किलोमीटरने येत असतो. धोका स्वतःवर घेणे ही हिंमत म्हणता येईल. तो न विचारता दुसऱ्याच्या गळ्यात बांधणे हा गुन्हा आहे. शंकरपटात बैल वाऱ्यासारखे धावतात, पण त्यांच्यासाठी वेगळी धावपट्टी आखतात. बाजारातून कुणी पट सोडत नाही.

म्हणून ड्रिफ्टचा विक्रम मला फालतू वाटत नाही, पण त्याआधी मैदान हवे आणि शिक्षक हवा. परवान्यासाठी आपण कोरड्या जागेवर आठाचा आकडा काढतो आणि मोकळे होतो. आरटीओ आणि ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी पावसाळ्यापूर्वी एखादे बंदिस्त मैदान घ्यावे, टँकरने ओले करावे आणि नव्या चालकांना बेताच्या वेगात घसरती गाडी सावरायला शिकवावे. खर्च फार नाही. विक्रमाचे नंतर बघू.