हात पसरण्याची लाज



गेल्या महिन्यात मिस्सा संपल्यावर जळोचीचे एक काका कुबड्या भिंतीला टेकवून माझ्यासमोर बसले. (त्यांना विचारूनच लिहितो आहे.) १९७१ च्या युद्धात त्यांचा एक पाय गेला. स्वतःसाठी त्यांना काही नको होते. मुलगी जन्मापासून अपंग, आता चाळिशीची. "आम्ही दोघं गेल्यावर हिचं काय, फादर?" एका कार्यालयाने त्यांना तिसऱ्यांदा परत पाठवले होते. कारण काय, तर लष्कराच्या कागदांवर पत्नीचे नाव एक आणि आधार कार्डावर दुसरे. मग हळूच म्हणाले, "आता हात पसरायची लाज वाटते."

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा नववा अध्याय घरी काढून वाचा. शौल आणि योनाथान लढाईत पडल्याची बातमी येताच दाई योनाथानाच्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन पळाली. तो पडला आणि दोन्ही पायांनी अधू झाला. तोच मफीबोशेथ. पुढे दावीद राजाने त्याला बोलावले, तेव्हा त्यालाही अशीच लाज वाटली. राजाने त्याला आजोबांची जमीन परत दिली आणि स्वतःच्या पंगतीला बसवले. पंगत प्रेमाची होती. जमीन मात्र त्याच्या हक्काचीच होती.

ज्याचे त्याला देण्याची ठाम इच्छा म्हणजे न्याय, असे संत थॉमस अक्वायनस सांगतात. सेमिनरीत ही व्याख्या मी परीक्षेपुरती पाठ केली होती. देणे थकवून दान करता येत नाही, हे काकांमुळे कळले. सर्वोच्च न्यायालयानेही १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात हेच सांगितले: निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नाही, तो हक्क आहे.

देशाला आपले ऋण आठवायला वेळ लागतो, हेही खरे. इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले. १९७२ मध्ये हायडेलबर्गला अपंगांच्या ऑलिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये! मग कुबड्या घेऊन एसटीत चढणाऱ्याला कोण ओळखणार?

काकांना ठाऊक नव्हते ते इथे लिहितो, आणखी कोणाच्या घरी उपयोगी पडेल. स्वतः कमावू न शकणाऱ्या अपंग मुलाला किंवा मुलीला आईवडिलांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकते. वडील हयात असतानाच त्या मुलाचे नाव पेन्शनच्या आदेशात नोंदवून घेता येते. अपंगत्वाचा वैद्यकीय दाखला मात्र लागतो.

नावाचा घोळ आपल्याच कपाटात सुटला. जुन्या विवाह नोंदवहीत काकींचे बाप्तिस्म्याचे आणि घरचे, अशी दोन्ही नावे एकाच ओळीत सापडली. उतारा सही-शिक्क्यानिशी दिला आहे. प्रतिज्ञापत्र व्हायचे आहे.

येत्या मंगळवारी काका पुन्हा पुण्याला जाणार आहेत. सकाळी सहाला निघायचे आहे. ज्यांच्याकडे गाडी आहे, किंवा ज्यांना कार्यालयात त्यांच्याबरोबर दिवसभर बसता येईल, त्यांनी आज मिस्सानंतर मला भेटावे.

तुमचा,
फादर