तंबोरा आणि खरखर

जतन करणे ही वरवर पाहता मोठी निरुपद्रवी क्रिया आहे. जो जपतो त्याला सहसा कोणी दोष देत नाही. परंतु जपताना मनुष्य काहीतरी निवडीत असतो, आणि जेथे निवड आली तेथे नीतीचा प्रश्न आलाच. घरोघरी माळ्यावर पडलेल्या जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून घेणे आज कोणालाही जमण्याजोगे झाले आहे. म्हणून हा प्रश्न आता संग्रहालयांपुरता राहिलेला नाही. तो आपल्या दिवाणखान्यात येऊन बसला आहे.

कॅसेट फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात प्रथम मांडली. तिच्यातील फीत चार मिलिमीटरांहूनही अरुंद असते आणि सेकंदाला सुमारे पावणेपाच सेंटिमीटर या वेगाने सरकते. फितीवर चुंबकीय कणांचा लेप असतो. आवाज साठतो तो त्या कणांत. कणांचा लेप कितीही बारीक असला तरी तो पुरता एकजीव नसतो, म्हणून काहीही मुद्रित नसताना देखील फितीतून मंद खरखर येत राहते. वर्षानुवर्षे गुंडाळून पडलेल्या फितीत एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसट उमटतो. मग गायकाने तोंड उघडण्यापूर्वीच त्याच्या स्वराची सावली कानी पडते.

उतरवण्याची रीत साधी आहे. कॅसेट-प्लेअरपासून संगणकापर्यंत एक तार जोडायची, २००० सालापासून फुकट मिळत असलेल्या ‘ऑडॅसिटी’सारखे एखादे सॉफ्टवेअर उघडायचे, आणि दोन्हीकडची बटणे दाबून बसून राहायचे. बसावेच लागते, नव्वद मिनिटांची कॅसेट उतरायला नव्वद मिनिटे लागतात. येथवर सारे सरळ आहे. पेच पडतो तो आवाज ‘स्वच्छ’ करण्याच्या वेळी.

खरखर काढायची तर सॉफ्टवेअरला आधी खरखरीचा नमुना दाखवावा लागतो. जेथे नुसती खरखरच आहे असा क्षणभराचा तुकडा निवडून द्यायचा. मग त्या जातीचा आवाज सबंध मुद्रणातून कमी केला जातो. आता समजा, एका घरगुती मैफलीची कॅसेट आहे. गायकाने सूर लावण्यापूर्वीचा तुकडा आपण नमुना म्हणून दिला, आणि त्या तुकड्यात तंबोरा वाजत होता. तंबोरा कोणता आणि खरखर कोणती हे यंत्राला ठाऊक नाही. आपण गोंगाट म्हणून जे दाखविले ते त्याच्या लेखी गोंगाट. ते निमूटपणे तंबोऱ्याचाही आवाज क्षीण करील. ज्या स्वराला धरून सबंध गाणे उभे होते तोच स्वर खालून निघून जाईल, आणि वरवर ऐकणाऱ्याला मुद्रण पूर्वीपेक्षा सुरेख वाटेल.

यात यंत्राला बोल लावण्यात अर्थ नाही. अखंड सोबत असणाऱ्या गोष्टीला गोंगाट समजण्याची खोड माणसाला यंत्रे येण्यापूर्वीपासून आहे. आजीने म्हटलेल्या ओव्यांची कॅसेट घ्या. मागे भांडी वाजताहेत, कोणी मुलाला गप्प करते आहे, लांब कोंबडा आरवतो आहे. नातवाला ओवी हवी असते, बाकीचे नको असते. पण ती भांडी घासणारी कोण होती? आजीला गाता यावे म्हणून घरातले काम त्या वेळी कोणाच्या अंगावर पडले होते? पन्नास वर्षांनी एखाद्याला ओवीइतकेच हेही जाणून घ्यावेसे वाटेल. जे अजून जन्मले नाहीत त्यांना आपल्या या निवडीत मत देता येत नाही. म्हणूनच आपण त्यांच्या वतीने जपून वागले पाहिजे.

कोणी म्हणेल, जे ऐकवतच नाही ते जपून उपयोग काय? आक्षेप खोटा नाही. ऐकणाऱ्यावाचून पडून राहिलेला आवाज असून नसल्यासारखाच. मायेच्या माणसाचे शब्द खरखरीत बुडाले असतील तर ते वर काढणे हे पुण्याचेच काम आहे. मात्र ते काम वेगळ्या प्रतीवर करावे. एक प्रत जशी उतरली तशीच, काहीही न काढता, न दाबता ठेवावी. नव्वद मिनिटांची अशी प्रत सुमारे ९५० मेगाबाइट जागा घेते. नेहमीच्या एमपी-३ पद्धतीने दाबली तर नव्वदच्या आत बसते. हा फरक काही जादूने पडत नाही. माणसाच्या कानाला जाणवणार नाही असे जे मानले गेले आहे ते त्यातून गाळलेले असते. रोज ऐकण्यासाठी तेवढे पुरे. ठेवा म्हणून पुरे नाही. आणि मूळ कॅसेटही फेकू नये, कारण उद्या कोणी तीच फीत अधिक चांगल्या यंत्रावर लावून अधिक काही ऐकू शकेल.

दोन्ही प्रतींसोबत चार ओळींची नोंद असावी: कॅसेट कोणाची, कधी उतरवली, काय काढले, कोणी काढले. माणसाला निवड टाळता येत नाही. निवड केली हे लपवणे मात्र टाळता येते. जी वस्तू आपल्याकडे आली आणि आपल्याकडून पुढे जायची आहे तिचे आपण मालक नसतो, विश्वस्त असतो. विश्वस्ताने खर्च करू नये असे कोणी म्हणत नाही. त्याने हिशेब ठेवावा, एवढेच.