परित्याग आणि अगतिकता

म्हैसुरात असो वा पुण्यात, मूल टाकणाऱ्या मातेस शासन करताना न्याय कोणाचे रक्षण करतो? १८६० च्या दंडसंहितेचे ३१७ वे कलम बारा वर्षांखालील अपत्याचा त्याग करणाऱ्या मातापित्यांस सात वर्षांपर्यंत कारावास सांगत असे. २०२३ च्या न्यायसंहितेने तेच ९३ व्या कलमात राखले. उलट २०१५ च्या बालन्याय कायद्याचे ७५ वे कलम म्हणते, की जन्मदात्यांनी हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे मूल टाकले असेल, तर तो त्याग बुद्धिपुरस्सर मानू नये आणि त्या कलमाची शिक्षा देऊ नये. मूल बालकल्याण समितीकडे स्वेच्छेने सोपविणाऱ्यांस हाच कायदा पुनर्विचारासाठी दोन महिने देतो.

कृत्य एक, कायदे दोन. निवाडा न्यायाधीशांचा खरा. पण त्यांच्यापुढचा कागद आम्हां नोकरदारांच्याच लेखणीतून उतरतो. या परमुलखात तर त्या स्त्रीची कन्नड आम्हांस अर्धीमुर्धीच कळते, आणि ‘बुद्धिपुरस्सर’ हा शब्द सहज लिहून होतो. बालकाचा जीव धोक्यात घालणे हा अपराधच. त्याची गय आम्ही मागत नाही. परंतु तो शब्द लिहिण्यापूर्वी तिने कोणाची दारे ठोठावली आणि ती का उघडली नाहीत, एवढे विचारणे आमचे कर्तव्य आहे. त्या दारांत एखादे आमच्या कचेरीचेही असू शकेल.