पाचवीचे लिखित आणि बारशाचे नाव

बालकाची वाढ हा आज वैद्यकाचा आणि मानसशास्त्राचा विषय मानला जात असला, तरी तिच्या मुळाशी असलेला प्रश्न धर्मचिंतनात फार जुना आहे : मूल जन्माला येताना काही घेऊन येते, की त्याचे जे काही व्हायचे ते येथेच, भोवतालच्या माणसांच्या हातून होते? सातारा-सांगली भागातील घरांत या प्रश्नाची दोन्ही उत्तरे एकाच पंधरवड्यात आणि एकाच पाळण्याभोवती दिली जातात. सटवाई रात्री येऊन बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहिते अशी श्रद्धा असल्याने पाचवी पुजताना अनेक घरी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. आणि बाराव्या दिवशी बारशाला आत्या त्याच बाळाच्या कानात त्याचे नाव सांगते. पहिल्या विधीत लिहिणारा हात माणसाचा नाही, दुसऱ्या विधीतील उच्चार मात्र सर्वस्वी माणसाचा आहे, आणि म्हणून माणसाची जबाबदारी नेमकी कोठून सुरू होते हा या दोन विधींमधला खरा प्रश्न आहे.

न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात गौतमाने आत्म्याचे नित्यत्व सिद्ध करताना तान्ह्या मुलालाच साक्षीला बोलावले आहे. ज्याने या जन्मी अजून काहीच अनुभवलेले नाही ते बाळ हसते, भिते, रडते आणि कोणी न शिकवता स्तनाकडे वळते. पूर्वानुभवाच्या स्मृतीवाचून हे संभवत नाही, म्हणून पूर्वजन्म मानला पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद आहे. कमळ जसे आपोआप उमलते-मिटते किंवा लोखंड जसे चुंबकाकडे ओढले जाते तसेच बाळाचेही असेल, हा आक्षेप सूत्रकाराने स्वतःच मांडून खोडून काढला आहे. आजचे शरीरशास्त्र या वादात आक्षेपकाच्या बाजूला झुकते, कारण गालाला स्पर्श होताच तोंड वळवणे, ओठांना लागेल ते चोखणे, मोठ्या आवाजाने दचकून हात पसरणे या प्रतिक्षिप्त क्रिया, म्हणजे इच्छेवाचून मज्जासंस्थेकडून घडणाऱ्या जन्मजात हालचाली, असल्याचे ते दाखवते. तरीही मूल कोरे जन्मत नाही हे गौतमाचे निरीक्षण अबाधित राहते. त्याच्या युक्तिवादात जे आले नाही, ते हास्याच्या पुढच्या अवस्थेत दिसते : सटवाई हसवते असे आज्या ज्याला म्हणतात ते झोपेतले हसू मागे पडून साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास समोरच्या माणसाला उद्देशून हसू उमटते, आणि ते हसू उत्तर मिळाले की वाढते, उत्तर मिळेनासे झाले की मंदावते. जन्मासोबत आलेली शक्ती येथे प्रथमच दुसऱ्या माणसावर अवलंबून होते.

सोबत आलेले आणि येथे घडवलेले, या दोहोंसाठी परंपरेत एकच शब्द आहे, संस्कार : योगदर्शनात संस्कार म्हणजे पूर्वीच्या कर्माचा चित्तावर उरलेला ठसा, तर धर्मशास्त्रात संस्कार म्हणजे माणसाला एखाद्या प्रयोजनासाठी योग्य करणारी क्रिया. सातारा जिल्ह्यातील वाई येथे केवलानंद सरस्वती, म्हणजे पूर्वाश्रमीचे नारायणशास्त्री मराठे, यांची प्राज्ञपाठशाळा उभी राहिली, आणि तेथूनच तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली निघालेल्या धर्मकोशाचे एक कांड संस्कारांनाच वाहिलेले आहे. शंकराचार्यांनी संस्काराची दोन अंगे सांगितली आहेत, गुणाधान म्हणजे गुणाची भर घालणे आणि दोषापनयन म्हणजे दोष दूर करणे. आणि ज्याच्यावर संस्कार व्हायचा ते बदलण्याजोगे आहे हे या दोहोंत गृहीतच आहे. सारे काही पाचवीलाच ठरले असते, तर विधींचा हा सगळा खटाटोप निष्फळ ठरला असता. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाची घटक कारणे सहा सांगितली आहेत : आई, बाप, आत्मा, सात्म्य म्हणजे मानवलेला आहारविहार, रस म्हणजे आईच्या अन्नाचे सार, आणि सत्त्व म्हणजे मन. आत्मा त्यांतील एक आहे आणि एकटा तो पुरेसा नाही, हे पूर्वजन्म मानणाऱ्याच ग्रंथाने सांगावे याला फार महत्त्व आहे.

शैशवातील विधींचा क्रम वाढीच्या क्रमाला धरून चालतो. निष्क्रमण, म्हणजे बाळाला प्रथम बाहेर नेऊन सूर्य दाखवणे, चौथ्या महिन्यात येते, तेव्हा मान सावरलेली असते आणि नजर हलत्या वस्तूमागे जाते. उष्टावण सहाव्या महिन्यात येते, आणि जागतिक आरोग्य संघटनाही सहा महिने पुरे होताच दुधाच्या जोडीला पूरक अन्न सुरू करावे असेच सांगते. यावरून प्राचीनांना आधुनिक बालवैद्यक अवगत होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; घराघरांतील बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जे डोळ्यांनी पाहिले, त्याला विधीने दिवस नेमून दिला, इतकेच. मात्र मामाच्या हातून पहिला घास घेणारे बाळ त्याच क्षणी बसण्याचा तोल सांभाळत असते, नवी चव पारखत असते, ओळखीच्या हातावर विश्वास टाकत असते आणि आपल्याला एक आजोळ आहे हे अनुभवत असते. शरीर, बुद्धी, भावना आणि समाज ही विकासाची चार अंगे पुस्तकात वेगळी करता येतात, घासात येत नाहीत.

या दृष्टीने सर्वांत खोल जाणारा विधी नामकरणाचा आहे. बाळ साधारण पाचव्या महिन्याच्या सुमारास स्वतःचे नाव इतर शब्दांहून वेगळे ओळखू लागते, आरशातले रूप आपलेच आहे हे त्याला दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान कळते, आणि ‘मी’ हा शब्द नीट वापरायला त्याहूनही वेळ लागतो. म्हणजे स्वत्वाची जाणीव नावाच्या मागून, आणि पुष्कळ अंशी नावाच्या आधाराने येते. म्हणूनच नाव आधार देते तसे दुखवूही शकते : सातारा जिल्ह्यात अनेक घरांनी तिसऱ्या-चौथ्या मुलीचे नाव ‘नकुशी’, म्हणजे नको असलेली, असे ठेवले, कारण असे नाव ठेवले की पुढचा मुलगा होतो अशी समजूत होती. ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा प्रशासनाने साताऱ्यात समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावे दिली.

दगडू, धोंडू, केरबा ही नावेही वरकरणी अशीच हिणकस वाटतात; परंतु आधीची मुले दगावलेल्या घरात ती ठेवली जातात ती मृत्यूची नजर चुकवून मूल राखण्यासाठी, आणि ते नाव घेऊन हाक मारणाऱ्या आईच्या स्वरात ती धास्तीभरली माया असतेच. नकुशी या नावात मुलीला राखण्याचा हेतू नाही, ती येणाऱ्या दुसऱ्या कोणासाठी खर्ची पडली आहे. स्त्रियांविषयी अन्यत्र कठोर असलेल्या मनुस्मृतीनेही मुलीचे नाव सुखाने उच्चारता येईल असे, क्रूर अर्थ नसलेले, मंगल आणि आशीर्वादयुक्त असावे असे सांगितले आहे. तेव्हा या प्रथेला शास्त्राचाही आधार नाही.

नशिबाचा आधार मात्र सहज घेतला जातो. ऊसतोडीच्या हंगामात कृष्णाकाठच्या फडांवर बीडकडून किंवा जत-माणच्या कोरड्या भागातून आलेल्या जोडप्यांची तान्ही मुले पाचटावर, जेमतेम मोठ्या बहिणीच्या राखणीत दिवस काढतात, आणि पाहणारा ‘ज्याचे त्याचे प्रारब्ध’ म्हणून पुढे जातो. प्रारब्ध, म्हणजे फळ देऊ लागलेले पूर्वकर्म, ही संकल्पना स्वतःच्या दुःखाकडे धीराने पाहण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या लेकराच्या दुःखाबद्दल ती पुढे करणे हा तिचा दुरुपयोग आहे, कारण ज्या कर्मफलाला शास्त्रेच अदृष्ट म्हणतात ते कोणाच्या मुलाचे कोणते, हे पाहणाऱ्याला कधीच कळू शकत नाही. उच्च-नीच कुळातील जन्माचे कारण गोत्रकर्म मानणाऱ्या जैन परंपरेत वाढलेल्या भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढून सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवले आणि एका पंगतीत जेवायला बसवले, तेव्हा कर्मसिद्धान्त नाकारण्याचीही गरज पडली नाही.

साताऱ्यातील नामांतर हा दोषापनयनाचा भाग झाला आणि तो एका दिवसात उरकता आला. गुणाधानाला मात्र वर्षे लागतात, आणि शाळकरी वयात नवे नाव मिळालेल्या मुलींची पहिली पाच-सहा वर्षे जुन्या नावाने आधीच सरली होती. ज्या स्मृतीने मुलींना मंगल नाव दिले, तिनेच त्यांचे इतर संस्कार अमंत्रक, म्हणजे मंत्राविना करावेत असेही सांगितले; परंतु न्याय असो की वेदान्त, आत्म्याला स्त्री-पुरुष हा भेद दोघेही लावत नाहीत, आणि हसण्यापासून नाव ओळखण्यापर्यंत वाढीचे टप्पे मुलीतही त्याच क्रमाने येतात, त्यामुळे साताऱ्या-सांगलीतल्या घरांनी मुलीचे बारसे, उष्टावण आणि विद्यारंभ मुलाइतक्याच मंत्रांनी आणि तितक्याच माणसांना बोलावून करण्यात कोणत्याही दर्शनाची आडकाठी येत नाही.