भिलाईतले सेक्टर

भिलाईच्या टाउनशिपमध्ये पत्ता सांगताना गल्लीबोळांची नावं लागत नाहीत. सेक्टर सात, स्ट्रीट अमुक, क्वार्टर तमुक, एवढ्यावर माणूस घरी पोचतो. कुणी ‘बाबा सेक्टर नाइनला आहेत’ म्हणालं, की ऐकणारा लगेच विचारतो, ‘काय झालं त्यांना?’ सेक्टर 9 म्हणजे पोलाद कारखान्याचं जवाहरलाल नेहरू रुग्णालय.

इतका अंगवळणी पडलेला हा शब्द लॅटिनमधल्या ‘कापणे’ या अर्थाच्या ‘सेकारे’ क्रियापदावरून आला. ‘सेक्टर’ म्हणजे मुळात कापणारा. प्राचीन रोममध्ये जप्त झालेली मालमत्ता लिलावात घेणाऱ्यालाही हेच नाव होतं. ख्रिस्तपूर्व 80 मधल्या एका खटल्यात सिसेरोने गळे कापणारे आणि मालमत्ता घेणारे या दोहोंना याच एका शब्दात पकडलं. इंग्रजीत तो सोळाव्या शतकात भूमितीतून शिरला. आपण शाळेत त्याला वर्तुळपाकळी म्हणतो. पुढे पहिल्या महायुद्धात आघाडीचे तुकडे सेक्टर झाले, आणि त्यानंतर अर्थव्यवस्थेचेही.

भिलाईत हा शब्द दोन वाटांनी आला. कारखान्यासाठीचा 1955 चा सोव्हिएत करार, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झालेली पहिली झोतभट्टी आणि मधल्या काळातला 1956 चा औद्योगिक धोरण ठराव, हे सगळं ‘पब्लिक सेक्टर’चं. भोवतीच्या गावांच्या शेतजमिनी घेऊन वसवलेली वस्ती नगररचनेतल्या सेक्टरांची. शाळा, बाजार, दवाखाना जवळ, आणि शेजारच्या क्वार्टरमध्ये तेलुगू, मल्याळी, बंगाली, मराठी कुटुंबं. देशातल्या फार थोड्या शहरांनी कामगाराला इतक्या सन्मानाने राहू दिलं. या कामगिरीचं मोल मला मनापासून वाटतं.

आपण मात्र ‘सार्वजनिक क्षेत्र’ असा प्रतिशब्द केला आणि त्यात कापण्याची खूण पुसली गेली. क्षेत्र म्हटलं की मोकळा, सर्वांचा प्रदेश डोळ्यांपुढे येतो. भिलाईत तर सुरुवातीपासून आतले आणि बाहेरचे होते. बीएसपीचा, म्हणजे भिलाई पोलाद कारखान्याचा, कायम नोकर आतला: क्वार्टर, औषधोपचार, निवृत्तीची पुंजी. ठेक्यावरचा बाहेरचा, मग तो त्याच कारखान्यात, त्याच धुळीत राबत का असेना. कारखान्याला खनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहऱ्याच्या खाणींत 1977 साली ठेका कामगार संघटित झाले ते याच कारणाने. त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी यांनी पुढे भिलाईच्या खासगी कारखान्यांतल्या ठेका मजुरांचा प्रश्न हाती घेतला. 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे, भिलाईच्या हुडको वसाहतीत, झोपेतच त्यांना गोळी घालण्यात आली. 1 जुलै 1992 रोजी भिलाईच्याच पॉवर हाउस स्टेशनवर रूळ अडवून बसलेल्या याच लढ्यातल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. पंधराहून अधिक माणसं गेली.

खासगीकरणाला विरोध करताना आपण सार्वजनिक क्षेत्र वाचवा म्हणतो. मीही म्हणतो. पण ऐंशीच्या दशकात साठ हजारांच्या वर असलेले भिलाईचे कायम कामगार आज त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी उरलेत, आणि त्यांची बरीचशी कामं ठेकेदाराची माणसं करतात. मालकी सरकारची राहूनही एवढी काटछाट झाली. तेव्हा वाचवायचं ते काय, हे आधी स्पष्ट असावं. माझ्या मते मागणीची सुरुवात अशी हवी: कारखान्याच्या फाटकातून रोज आत जाणारा प्रत्येक माणूस, पगारपत्रकावर कुणाचंही नाव असो, सार्वजनिक क्षेत्राचा कामगार म्हणून मोजला जावा, आणि सारख्या कामाला सारखी मजुरी मिळावी.