न घातलेला हार

647 हिरे, किंमत 16 लाख लिव्र. पॅरिसचे जवाहिरे बोमेर आणि बासांज यांनी हा हार घडवायला घेतला तेव्हा पंधराव्या लुईच्या मर्जीतली मादाम द्यु बारी त्यांच्या डोळ्यांसमोर होती. पण 1774 मध्ये देवी येऊन राजा गेला, आणि हार जवाहिऱ्यांच्याच गळ्यात पडला. नव्या राणीने तो घ्यावा म्हणून त्यांनी खेटे घातले. मारी आंत्वानेतने दरवेळी नकार दिला. तिच्या उधळ्या आयुष्यातला हा बहुधा सर्वांत काटकसरीचा निर्णय, आणि तोच तिला सर्वांत महाग पडला.

जान द ला मोत नावाच्या एका ठकबाईने कार्डिनल रोआँच्या मनात भरवले की राणीला हार गुपचूप हवा आहे. ऑगस्ट 1784 मधल्या एका रात्री व्हर्सायच्या बागेत राणीच्या चेहऱ्यामोहऱ्याची एक बाई त्याच्यापुढे उभी केली. सही दाखवली, ‘फ्रान्सची मारी आंत्वानेत’ अशी. राण्या नुसत्या नावाने सही करतात, हे जन्मभर दरबारात वावरलेल्या त्या गृहस्थाला सुचले नाही! रोआँकरवी हार हाती येताच टोळीने तो मोडून हिरे सुटे विकले. प्रकरण उघडकीला येऊन खटला उभा राहिला. 31 मे 1786 रोजी पॅरिसच्या न्यायपीठाने रोआँला निर्दोष सोडले आणि लोकांनी जल्लोष केला. त्या निकालाचा अर्थ शहराला नीट कळला होता: फ्रान्सची राणी रात्री बागेत परपुरुषाला भेटेल, असे वाटणे गैर नाही.

एकदा एवढे ठरले की मग काहीही खपते. ‘भाकरी नसेल तर केक खा’ हे वाक्य तिच्या नावावर आजही चालते. तशाच अर्थाचे बोल रूसोने आत्मचरित्रात एका राजकन्येच्या तोंडी घातले, ते मारी आंत्वानेत व्हिएन्नात धडे गिरवत होती त्या सुमारास. भरजरी पोशाख केला तर उधळी. 1783 मध्ये साध्या पांढऱ्या मलमलीत तिचे चित्र लागले, तर राणी आतल्या कपड्यांत बसली म्हणून ओरड, वर देशी रेशमावर अन्याय केल्याचा ठपका. चित्र उतरवावे लागले. खजिना तिने रिकामा केला म्हणतात. पण 1788 च्या हिशेबात दरबाराचा सारा खर्च सहा-सात टक्क्यांच्या घरात होता आणि निम्म्याच्या आसपास पैसा कर्जापोटी जात होता. त्या कर्जात अमेरिकेतल्या युद्धाचा वाटा मोठा. युद्धाचा राग कुणावर काढायचा? बाईवर काढणे सोपे.

इथवर वाचून ‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ म्हणावेसे वाटेल. मला तसे म्हणवत नाही. कारण संन्यासी म्हणावा त्याच्या झोळीत खरोखरच चोरीचा माल होता.

मार्च 1792 मध्ये, माहेरच्या ऑस्ट्रियाशी युद्ध तोंडावर असताना, तिने ऑस्ट्रियाचा मुत्सद्दी मेर्सी याला फ्रेंच सैन्याचा बेत कळवला: चढाई सावॉय आणि लीएजच्या बाजूने होणार. महिन्याभरात युद्ध पुकारले गेले. तिने सांगितलेला बेत ज्यांच्या जिवावर उठणार होता, ते सैनिक कुणाची तरी मुले होती. ‘ऑस्ट्रियावाली’ ही बाजारातली शिवी होती, पण बाजाराला वास बरोबर आला होता.

तिला मात्र हा द्रोह वाटलाच नसावा. 1770 मध्ये चौदा वर्षांच्या या पोरीला तिच्या आईने, मारिया तेरेसाने, फ्रान्सला धाडले ते दोन राजघराण्यांची गाठ बांधायला. माहेरचे हित सासरी सांभाळायचे, हे तिचे नेमून दिलेले काम होते. राज्य म्हणजे घराण्याची मिळकत. त्या मिळकतीवर दंगा झाला तर भावाबंदांना हाक मारणार, दुसरे काय करणार? ‘राष्ट्र’ नावाचे, राजाहून मोठे आणि ज्याचा राजाही गुन्हेगार होऊ शकतो असे काही, 1789 पासून तिच्या अवतीभवती उभे राहत होते. तिला ते दिसले नाही, किंवा दिसून पटले नाही. ज्या कामासाठी पाठवले तेच काम बावीस वर्षांनी फाशीचा गुन्हा झाले.

ऑक्टोबर 1793 मध्ये क्रांतीच्या न्यायालयात तिच्यावर खटला उभा राहिला तेव्हा द्रोहाचा आरोप होता, पण मेर्सीला लिहिलेले पत्र न्यायालयाच्या हाती नव्हते. मग पत्रकार एबेरने तिच्या आठ वर्षांच्या मुलाकडून वदवून घेतलेला, आईने त्याच्याशी दुर्वर्तन केल्याचा किळसवाणा आरोप पुढे आला. ती गप्प राहिली. पंचाने पुन्हा छेडले तेव्हा, आईवरच्या असल्या आरोपाला उत्तर द्यायला निसर्गच नकार देतो, असे म्हणून ती सभागृहातल्या आयांकडे वळली. जिथे ती निर्दोष होती तिथे ती खणखणीत बोलली. जिथे दोषी होती तिथे तिने सरळ नाकारले, आणि तेही निभावले असते, निकाल आधीच ठरलेला नसता तर.

16 ऑक्टोबरच्या पहाटे तिने नणंद एलिझाबेथला पत्र लिहिले. मुलाच्या त्या बोलण्याबद्दल त्याला क्षमा कर, तो लहान आहे, असे त्यात होते. ते सरकारी वकिलाने स्वतःकडे ठेवून घेतले. त्याच दिवशी उघड्या गाडीतून तिला वधस्थानी नेले. पत्र पुढे रोबेस्पिएरच्या कागदांत सापडले आणि 1816 मध्ये जगापुढे आले. एलिझाबेथला ते कधीच मिळाले नाही. मे 1794 मध्ये तिचीही गाडी त्याच वाटेने गेली.